क्लॅरीच्या हातातली बादली

ऑस्ट्रेलियातल्या यारंबीनच्या शेडमध्ये गडी मेंढ्यांची लोकर कातरत होते, आणि उकाडा असा की माश्यासुद्धा उडायचं सोडून पायी चालत होत्या. खोटं वाटत असेल तर डार्लिंग नदीपलीकडे कुणालाही विचारा. तिथले लोक याहून मोठी फेकतात.

शेडच्या दाराबाहेर लॉर्न ट्रेगिअर उभा होता. मुळात ताडमाड, त्यात टाचांचे बूट, त्यावर पिवळ्या पिसांचा तुरा. बायकांच्या पोशाखात तो नाचायला लागला की सिडनीत रांगा लागायच्या. तिथं त्याचं नाव मल्गा रोझ. आता त्याच पोशाखात तो सिनेमात आला होता आणि नेमकं चित्रीकरण या शेडमध्ये निघालं. याच शेडमधून ऐन विशीत तो पळाला होता. त्याचा बाप क्लॅरी अजूनही आत कातरत होता.

दिग्दर्शिका फिनेलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कातरणाऱ्यांना ओळीत उभं केलं आणि क्लॅरीपाशी थांबून टाळ्याच वाजवल्या. "हा चेहरा बघा! अस्सल ऑस्ट्रेलियन पुरुष! नुसता दगड!"

प्रसंग सोपा होता. मल्गा रोझ आत येते, गडी तिला शिव्या घालतात आणि दगडी म्हातारा लेंड्यांच्या पाण्याची बादली तिच्या डोक्यावर ओततो.

'तो माझा बाप आहे,' एवढं एक वाक्य लॉर्ननं टाकलं असतं तर सगळं थांबलं असतं. पण बाप बादली ओततो का, हे त्याला बघायचंच होतं. म्हाताऱ्यानं ओळखलं नसेल, ही सबब तर नव्हतीच. ट्रेगिअर घराण्याचं नाक लपवायला रंग पुरत नाही, तंबू लागतो. सकाळी क्लॅरी त्याच्या शेजारून गेला, नाकाकडे बघितलं, तुऱ्याकडे बघितलं आणि थुंकून पुढे झाला.

फळ्यांच्या फटीतून टबीचा आवाज आला. टबी क्लॅरीच्या शेजारच्या जागेवर कातरायचा.

"क्लॅरी, अरे तो तुझा..."

"कातर, टबी."

"नाही, मी काय म्हणतो, बादली मी घेऊ का?"

"कातर म्हटलं ना!"

लॉर्नच्या पाठीवरून घाम ओघळला. फिनेला ओरडली, "अ‍ॅक्शन!"

तो आत शिरला. कातरायची यंत्रं एकेक करत थांबली. सगळ्या माना वळल्या. बनियनवरचे, केसाळ, तेलकट गडी. यातल्या निम्म्यांनी तो लहान असताना त्याला खांद्यावर घेतलं होतं. शेडच्या टोकाला क्लॅरी उभा होता, हातात बादली.

लॉर्न चालत राहिला. क्लॅरीपासून दोन हातांवर त्याची टाच जमिनीच्या लाकडी पट्ट्यांमधल्या फटीत रुतली. त्यानं पाय ओढला, निघेना. पुढे जाता येईना, मागेही.

बादली वर गेली. टबीनं शिवी द्यायला तोंड उघडलं. लॉर्ननं डोळे मिटले नाहीत.

"तळ्यात बदकं!" क्लॅरी गरजला.

या मुलखात शेडकडे बाई येताना दिसली की हीच आरोळी देतात. म्हणजे गड्यांनो, अंग झाका आणि तोंडं आवरा. आरोळी हाडामासात मुरलेली. टबीचं तोंड खटकन मिटलं. कुणी सदरा ओढला, कुणी सिगारेट विझवली, एकानं तर केसांवरून हात फिरवला.

"कट! कट!" फिनेला धावत आली. "बदकं? कसली बदकं? शिव्या कुठायत?"

"शेडचा नियम आहे, बाई."

"तो पुरुष आहे!"

"दिसतंय मला."

लॉर्न बापाकडे वळला. "माझी थट्टा केलीत, बाबा?"

'बाबा' ऐकून फिनेलाच्या हातातले कागद खाली आले. क्लॅरी टबीकडे बघत म्हणाला, "तो तुला जे म्हणणार होता, ते मला ऐकवलं नसतं."

"सिनेमातलं होतं ते," लॉर्न म्हणाला.

"टबीला सिनेमातलं वेगळं आणि घरचं वेगळं, अशी दोन तोंडं नाहीत."

"हे मात्र खरं," टबी पुटपुटला.

फिनेला सावरली. "मग बादली टबीला द्या. पुन्हा घेऊ. कॅमेरा तयार आहे."

टबीनं हात पुढे केला नाही. क्लॅरीनं कडी सोडली नाही. मग क्लॅरीनं बादली सावकाश कलती केली आणि सगळं पाणी जमिनीच्या फटींतून खाली ओतलं. खांबांवर उभ्या शेडखाली कोंडलेल्या मेंढ्यांनी एकच गिल्ला केला.

तो गुडघ्यावर बसला. कातरताना मेंढीचा पाय धरावा तसा त्यानं लॉर्नचा घोटा धरला.

"ओढू?"

"ओढा."

कडकन आवाज झाला. बूट सुटला, टाच मात्र फटीतच राहिली.

"राहू दे तिथंच," क्लॅरी उठत म्हणाला. "खांद्यावर हात ठेव. चहा झालाय."

मागून फिनेला दोघांनाही हाका मारत होती. लॉर्न लंगडत बापाबरोबर दाराकडे निघाला. टबीनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि त्यांना वाट दिली.