वाहिदच्या हातावरल्या गाठी

मलिकाला आता कशाचंच नवल वाटत नसे. नवऱ्याला आपली एक किडनी देऊन झाली होती, नागपूरच्या दवाखान्यात फरशीवर झोपून झालं होतं, आणि दोन वर्षं नीट गेली म्हणावं तोच वाहिदच्या उजव्या हाताला गाठी आल्या. पहिली अंगठ्याजवळ, मग मनगटावर, मग कोपराकडे, मुंग्यांच्या रांगेसारख्या. एक फुटली की तिच्या वर दुसरी हजर.

वाहिद पिढीजात पिंजारी. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं गाद्या भरायचं दुकान. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत नव्या गादीचं नाव कोणी काढीना. यायच्या त्या जुन्याच, कुबट, मातीनं भरलेल्या, पुन्हा पिंजून द्यायला. डॉक्टरांनी वाहिदला धूळ वर्ज्य सांगितली होती, म्हणून पिंजायच्या मशीनवर मलिका बसे आणि तो दूर बसून नुसते टाके घाली. पण खोड जाते कुठं? एकदा मोठी सुई अंगठ्यात घुसली, तेव्हा गड्यानं बापजाद्यांनी केलं तेच केलं. समोरच्याच गादीतला कापूस ओढला, जखमेत दाबला आणि वर चिंधी बांधली. आता बोला!

एका डॉक्टरनं गळू म्हणून मलम दिलं. दुसऱ्यानं क्षयाची शंका काढली. शेवटी नागपूरला गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा कुठं जंतू सापडला. मातीत, धुळीत असणारा.

"धडधाकट माणसाला हा सहसा काही करत नाही," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण परकी किडनी अंगानं नाकारू नये म्हणून आपण त्याची ताकदच गोळ्यांनी दाबून ठेवलीय. जंतूचं औषध कित्येक महिने चालेल. आणि किडनीची ती गोळी आता दोनाऐवजी एकच घ्यायची. नाहीतर हा छातीत उतरेल, मेंदूत जाईल. मग माणूस हाती लागत नाही."

"अन् किडनीले काही झालं तं?" वाहिदनं विचारलं.

"धोका आहे. पण आधी माणूस."

महिना उलटला तरी गाठी हटेनात. एक तर पार दंडावर निघाली. मलिका रोज औषध देई, एक गोळी हातावर ठेवी, जखमा धुऊन नवी पट्टी बांधी आणि मग मशीनवर बसे. अंगात त्राण नसे. पण बाईच्या अंगाला विचारतो कोण?

त्या दुपारी ती किडनीची गोळी काढायला गेली, तर पाकीट रिकामं. अजून बरेच दिवस पुरायला हवं होतं. तिनं वाहिदकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, तेवढ्यानं तिला सगळं समजलं.

"दुसरी गोळी तुमी चोरून घेऊन राह्यले," ती म्हणाली. "काहून? मराचं हाय का?"

"गिऱ्हाइकाचा कापूस आपण तोलून घेतो, तोलून देतो," वाहिद हळूच म्हणाला. "खाली सांडलेलं पुंजकं बी त्याच्याच गादीत भरतो. अमानत हाय म्हणे अब्बा. तुह्या पोटाले चिरा देऊन काढलेली चीज मी नासू देऊ? हात जाते तं जाऊ दे. तुही अमानत मी खराब नाई करत."

मलिकाला इतका राग आला की रडूही येईना. दोन वर्षं हा माणूस जगत नव्हता, नुसती राखण करत होता. आणि ती वेडी समजत होती की नवरा बरा झाला. ती त्याच्यापुढं बसली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि पट्टी सोडू लागली.

"गिऱ्हाईक कापूस परत न्याले येते," ती म्हणाली. "मी कधी परत मागाले आली का? अमानत नव्हती ते. देऊन टाकली होती. सडली तं सडू द्या. तुमी मेल्यावर तिले घेऊन मी काय करू?"

वाहिदनं डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून लपवलेली गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"दुखते, मलिका," तो म्हणाला. "लय दुखते."