दिवा गेलेला ट्रे

डिस्कच्या पेटीतला शेवटचा ट्रे तिने जोर लावून ओढला आणि तो इतका अलगद हातात आला, की तीच मागे कलंडली. ट्रे रिकामा होता.

"भाऊजी, यातली राखीव डिस्क कुठाय?"

दारात धाकटा दीर उभा होता. रेडिओ केंद्राच्या या गार खोलीत दोघं एकत्र काम करायची. त्याला इथे चिकटवलं होतं तिनेच, नवऱ्याच्या शब्दाखातर.

ध्वनिसंग्रहाच्या पेटीत आठ डिस्क होत्या. सात राबायच्या, आठवी नुसती बसून असायची. एखादी बंद पडली, की हिने आपणहून तिची जागा घ्यायची आणि गेलेलं सगळं बाकीच्यांच्या आधाराने पुन्हा लिहून काढायचं. ते व्हायच्या आत दुसरी गेली, तर मात्र सगळंच जायचं. "इथे ही आणि घरात मी, दोघंही बसून खाणारे," असं नवरा म्हणायचा. तो इथला निवेदक. तो गेला तरी त्याचा आवाज या पेटीत होता. दुपारचा डबा संपला, की ती हेडफोन लावून त्याचा एखादा जुना कार्यक्रम ऐकायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

शनिवारी एक डिस्क गेल्याचा निरोप तिला घरी मिळाला. ड्यूटीवर दीर होता. तिने फोन केला, तर म्हणाला, "राखीव लागलीय, वहिनी. तुम्ही निवांत राहा." ती निवांत राहिली. आज येऊन बघते, तर दुसरीनेही मान टाकलेली आणि सगळा संग्रह गेलेला. 'आता सगळं डिस्कवर आहे' म्हणून जुन्या टेपा केंद्राने केव्हाच मोडीत काढल्या होत्या.

"नव्या स्टुडिओत एक डिस्क कमी पडत होती," दीर अखेर बोलला. "साहेब मागेच लागले. म्हटलं, तात्पुरती देऊ."

"आणि मागे मी विचारलं, या ट्रेवरचा दिवा का लागत नाही, तर म्हणालात दिवा गेलाय, डिस्क ठणठणीत आहे."

"आज आणून लावणारच होतो. दुसरी जाईल असं कुणाला वाटलं होतं? माझाही दादाच होता ना तो."

"हो ना. म्हणून तर मी उघडून बघितलं नाही."

केसाने गळा कापला म्हणतात, तो असा. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली ती चीडच.

आठवड्याभरात नव्या डिस्क आल्या. तिने एकेक बसवली, शेवटची राखीव म्हणून नेमून दिली. पेटी पुन्हा सुरू झाली, कोरी करकरीत.

"वहिनी, घरी दादाचं काही रेकॉर्डिंग असेल?"

"घरी कशाला असेल? घरी ते स्वतः होते."

तो वाकून शेवटच्या ट्रेकडे बघत म्हणाला, "याचा दिवा लागलाय, वहिनी. डिस्क आहे आत."

तिने तरीही ट्रे ओढला, हातात तोलून पाहिला आणि त्याच्यासमोरच परत आत ढकलला.