पाद्रीबाबांचा आशीर्वाद मिळालेली बंदूक

घाबरू नका मित्रांनो, माझ्यात आत्ता काडतूस नाही. मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातली एक म्हातारी दोननळी बंदूक आहे. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्यावर गाल टेकवून स्टॅम्पर घराण्यातल्या तीन पिढ्यांनी नेम धरला.

खारी, ससे, कोंबड्या पळवणारा कोल्हा, असं माझं काम. पण माझं नाव झालं ते एका पिसाळलेल्या कुत्र्यामुळे. स्टॅम्परांचा व्हर्लिन तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा. त्याची मोठी बहीण इमोजीन ओढ्यावर कपडे धूत होती आणि कुत्रा तिच्यावर धावून आला. व्हर्लिनने मला उचललं. इमोजीन वाचली. त्या दिवसापासून मला भिंतीवर मानाची जागा मिळाली.

पुढे व्हर्लिनची बायको लोरेन वारली. घर सुनं झालं. त्याच सुमारास दूरच्या कुठल्याशा गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणीतरी गोळ्या झाडल्या. आमचे पाद्री गार्लंड टॅकेट यांनी लगेच सांगितलं, "रविवारी येताना बंदुका आणा. देवाच्या घराची राखण आपणच करायची."

लोकांनी आम्हा बंदुकांना वेदीपुढे ओळीने निजवलं. पाद्रीबाबांनी एकेकीवर हात ठेवून आशीर्वाद दिला. माझ्यावर ठेवला तेव्हा त्यांची नजर दाराकडेच होती. भ्यालेला माणूस होता हो तो, दुष्ट नव्हता. व्हर्लिन राखणदारांत सामील झाला. बऱ्याच दिवसांनी त्याला कुणीतरी काम दिलं होतं.

इमोजीनला हे पटेना. ती रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि तिची जीभ तिखट. सुगीच्या जेवणाच्या दिवशी चर्चच्या दालनात तिने एक छोटं नाटक बसवलं. येशू स्वतःच चर्चच्या दारात येतो आणि पहारेकरी त्याला अडवतो, एवढीच गोष्ट. येशू झाली होती इमोजीन, आणि पहारेकरी पोस्टमन क्लीटस.

मी पहाऱ्यावरच्या व्हर्लिनच्या हातात, दालनामागच्या बोळात, मागच्या दाराशी होते. तिथून नाटक दिसत नव्हतं, नुसते आवाज यायचे.

"बंदूक आणलीस?" क्लीटस दरडावत होता.

"नाही बाबा."

"मग आत कसा सोडू? रिकाम्या हाताने येणाऱ्यांचाच आम्हाला संशय येतो!"

"अरे, एका गालावर मारलं तर दुसरा गाल पुढे करा, असं मी शिकवलं होतं ना?"

"करतो की! दस्त्याला टेकवून!"

मक्याची भाकरी घशात अडकेपर्यंत लोक हसले. मग कुणीतरी ओरडलं, "हा देवाचा अपमान आहे!" बाक सरकले, आरडाओरडा वाढला. व्हर्लिनला ते हसणं की किंचाळणं, कळेना. त्याने मला छातीशी घेतलं.

इतक्यात मागच्या दारावर धडाधड काठी बसली. "उघडा! मला आत घ्या!"

पुढच्या दारातून हाकललेला येशू मागून येतो, असं नाटकात होतं. राखणदाराला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने दार उघडलं. दाढीवाला, पांढऱ्या कपड्यातला, हातात लांब काहीतरी. व्हर्लिनने मला उचललं. माझा चाप अर्धा दबला. मित्रांनो, चापाला बहीण ओळखता येत नाही.

"व्हर्ली," दाढीतून आवाज आला, "अरे, मी आहे."

व्हर्लिनचं बोट सुटलं. त्याने मला बिजागरीत उघडून काडतुसं बाहेर काढली आणि पायरीवर बसकण मारली.

पाद्रीबाबा धावत आले. "देवाने वाचवलं! बघा, आपल्या माणसांना शिस्त आहे."

इमोजीन दाढी उपटत म्हणाली, "देवाने वाचवलं खरं. पण कुणापासून, पाद्रीबाबा?"

पाद्रीबाबा पाठ फिरवून आत गेले.

घरी जाताना गाडीत व्हर्लिन म्हणाला, "ताई, कुत्र्याच्या वेळी हीच बंदूक होती ना? इथे पोलिसांना हाक मारली तर ते कधी पोचायचे?"

"हीच होती. म्हणून तर मोडीत टाक म्हणत नाही मी. पण माझ्या कपाटात राहू दे. किल्ली माझ्याकडे. हवी असेल तेव्हा येऊन माग."

चर्चमधले काही जण व्हर्लिनला भित्रा म्हणू लागले. पाद्रीबाबांनी इमोजीनशी बोलणं टाकलं. कोंबड्यांवर कोल्हा आला की व्हर्लिन यायचा. ती विचारायची, "कशाला रे?" तो सांगायचा, ती किल्ली द्यायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी तो पुन्हा आला. मी कपाटातून ऐकत होते.

"ताई, किल्ली दे."

"कशाला रे?"

तो बोलेना.

"आज लोरेनचा वाढदिवस," तो शेवटी म्हणाला. "घरात बसवत नाही गं. जगावंसंच वाटत नाही."

इमोजीनने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मग इथे बस. घेवड्याचं सूप टाकलंय. आज जायचं नाहीस तू."

आणि मग माझा व्हर्लिन लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी कपाट उघडलं नाही. मित्रांनो, बंद दाराआड मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मला तेल द्या, माझा गंज पुसा, एवढं हक्काने मागते. आणि एक विनंती. माझी किल्ली अशा माणसाकडे ठेवा, जो आधी कारण विचारेल आणि तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हाला जेवायला बसवेल.