माणसांचा रकाना

तुम्ही कोण, कुठल्या मजल्यावर बसता, काही पत्ता नाही. पण तो कागद तुम्हीच काढलात, आणि काढताना सरळसरळ थाप मारलीत. थोर माणसं विचारांवर बोलतात, मधली माणसं घटनांवर बोलतात आणि बेताच्या बुद्धीची माणसं माणसांवर बोलतात, असं गुळगुळीत कागदावर छापलंत. खाली तीन रकाने आखलेत. पोराला एलकेजीत घालायचं तर सात दिवस घरात जेवताना काय काय बोलणं झालं ते या रकान्यांत भरून आणा, असा हुकूम सोडलात. लोकांच्या ताटावर पहारा! पोलिसांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं.

तो कागद बेंगळुरात, जयनगरला महानंदाच्या घरी आला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा मुलगा अजिंक्य कागद वाचत स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. चेहरा असा, की कुणाचं तरी बरंवाईट झालंय.

"आई, आश्लेषाची अ‍ॅडमिशन आता तुझ्यावर आहे."

"माझ्यावर? मी काय शाळंत जाणार हाय?"

अजिंक्यनं कागद मराठीत करून सांगितला. महानंदाचे हात पिठात तसेच थांबले. मग तिला कळलं पोरगा का घाबरलाय ते.

महानंदा निपाणीची. तिनं तिथं तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या पानांचा ढीग, आणि भोवती आठ-दहा बायका. बोटं आपोआप चालायची, त्यांना डोकं लागायचं नाही. मग डोकं मोकळं राहायचं आणि तोंड चालायचं. कुणाची सून, कुणाचा दीर, कुणाची म्हैस. त्या विड्यांवर अजिंक्य इंजिनिअर झाला, मारतहळ्ळीच्या कंपनीत लागला, पुण्याच्या शाल्मलीशी लग्न केलं, आणि दोन वर्षांपूर्वी लेकीला सांभाळायला आईला बेंगळुरात घेऊन आला. महानंदानं दोन महिन्यांत सगळी गल्ली पाठ केली. निम्मं कानडी, निम्मं मराठी. फाटकावरचे वासुदेव अण्णा, इस्त्रीवाली अक्का, वरच्या मजल्यावरचा एकटा राहणारा तनय. कडेवर आश्लेषा असायची, आणि आजीच्या कानात जे पडायचं ते नातीच्याही पडायचं.

रात्री जेवताना साडेचार वर्षांची आश्लेषा मांडी घालून बसायची आणि गल्लीच्या बातम्या द्यायची. अजिंक्यला ठसका लागायचा हसून. शाल्मली दिवसभराच्या मीटिंगा विसरायची. तेवढा अर्धा तास ते घर, घर असायचं.

आणि आता म्हणे माणसांचा रकाना रिकामा पाहिजे.

"म्हंजे मी गप बसू?" महानंदानं विचारलं.

"गप नको गं. आयडियाजवर बोल."

"मला एकच आयडिया सुचतीय. भाकरी गार व्हायच्या आत जेवा."

पहिल्या दिवशी अजिंक्य कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलला. दुसऱ्या दिवशी शाल्मलीनं समुद्रातल्या प्लॅस्टिकवर मोबाइलमधून वाचून दाखवलं. महानंदा मुकाट्यानं वाढत होती. आश्लेषा एकदा बापाकडं, एकदा आईकडं बघत होती. वर्गात चुकून शिरलेल्या मांजरासारखी. ताटातला वरणभात तसाच. तिसऱ्या दिवशी लोकशाही सुरू झाली आणि पोरीनं ताट पुढं सरकवलं.

"मला नको. आजी, वासुदेव अण्णांचा गुडघा आज कसा होता?"

अजिंक्यनं कागदाकडं पाहिलं. अण्णांचा गुडघा म्हणजे सरळ तिसरा रकाना.

महानंदाला राहवेना. "बरा कुठला? डावा पाय आधी टाकून उतरत हुते. मी सांगितलं, पार्सलं वर आणू नगा, मीच खाली येती."

शाल्मली हळूच म्हणाली, "अजिंक्य, लिही. पब्लिक हेल्थ."

"काय?"

"गुडघा. वयस्कर कामगारांचं आरोग्य. विचार आहे की नाही?"

अजिंक्यनं बायकोकडं पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला ठसका लागला. मग काय, घर सुटलंच. इस्त्रीवाल्या अक्काचं नवऱ्याशी पंख्यावरून भांडण झालं. त्याचं झालं ऊर्जा बचत. तनय नोकरी सोडून पुण्याला गेला. त्याचं झालं स्थलांतर. समोरच्या बाईंची मांजर आता दुसऱ्याच घरी जेवते, यावर नवराबायकोत खरोखरीचा वाद झाला. शाल्मलीचं म्हणणं, नागरिकत्व. अजिंक्यचं म्हणणं, मुक्त बाजारपेठ. आश्लेषानं दोनदा भात मागून घेतला.

कागद भरला. माणसांचा रकाना कोरा. महानंदानं तो हातात धरून पाहिला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आपलं बोलणं कोट घालून उभं केलंय एवढं तिला दिसलं. विचारलं कुणी तर? पोरीची शाळा जायची ती आपल्या तोंडापायी.

शनिवारी शाळेत घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. फाटकाशी अजिंक्य म्हणाला, "आई, तिथं फक्त हसायचं."

"किती?"

"स्वल्प."

मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम मल्लेश्वरमच्या निघाल्या, चार पिढ्यांच्या बेंगळुरी. आडनाव वाचून म्हणाल्या, "आमचंपण घरात मराठीच. पण कानडी मिसळलेलं. चालतंय ना? सरी, ठीक." बाई गोड होती. समोर गुणांचा तक्ता होता, त्यातही त्याच तीन चौकटी: विचार, घटना, माणसं. त्यांनी घरचा कागद वाचला आणि भुवया वर गेल्या.

"पब्लिक हेल्थ, ऊर्जा बचत, स्थलांतर, नागरिकत्व! वा! तुमच्यासारखं घर या वर्षी एकपण नाही आलं." त्या आश्लेषाकडं वाकल्या. "पुट्टी, स्थलांतर म्हणजे काय गं?"

अजिंक्यनं डोळे मिटले.

"तनयदादा पुण्याला गेला," आश्लेषा म्हणाली. "त्याच्या आईचा हात मोडलाय आणि तिला वेणी घालता येत नाही. म्हणून."

"आणि ऊर्जा बचत?"

"इस्त्रीवाल्या अक्काला उकडतं. ती दिवसभर इस्त्रीपाशी असते ना. काकांना थंडी वाजते. आजीनं सांगितलं खाटेची जागा बदला. आता भांडत नाहीत."

महानंदा हसत होती. इतकं, की गाल दुखायला लागले. शाल्मली जमिनीवरच्या फरशा मोजत होती. मॅडमनी कागद पुन्हा वाचला, आश्लेषाकडं पाहिलं, परत कागदाकडं. काय ते समजलं त्यांना. तक्त्याचा पुढचा प्रश्न काढला.

"बरं. चार मुलं आहेत, तीन आंबे आहेत. सगळ्यांना सारखं द्यायचंय. कसं देशील?"

आश्लेषानं विचार केला. "मुलांची नावं काय?"

"नावं कशाला?"

"कोण आहेत ते कळायला नको?"

मॅडम गोंधळल्या. "बरं, संताजी, चंदन, भाग्यलक्ष्मी आणि... तू."

"चंदनला आंबा आवडतो?"

"असेल की."

"असेल नाही. विचारा ना. आमच्या खालच्या चंदनला खाज सुटते आंब्यानं. मग त्याला द्यायचा नाही, केळं द्यायचं. म्हणजे तिघांना एक एक." पोरगी बोटं मोजायला लागली. "आणि आवडत असला तर आजी रस काढते. चार वाट्या. पण संताजीला मोठी वाटी दिली तर भाग्यलक्ष्मी रडेल, म्हणून वाट्या सारख्या घ्यायच्या."

मॅडम हसल्या. मग पेन उचललं, आणि महानंदानं ते पेन तक्त्यावर कुठं टेकलं ते बघितलं. विड्या मोजलेली नजर होती ती. पहिल्या चौकटीत नाही, दुसऱ्या नाही. तिसऱ्या.

"काय लिवलं, मॅडम?"

"आई," अजिंक्य दातांमधून म्हणाला.

"उत्तर पाऊण आंबा होतं हो," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "पोरगी फार गोड आहे. पण ती सारखी माणसांवर जाते. इथं त्याचे गुण कापतात. मी काय करू, अक्का?"

महानंदाचं हसू तिथं संपलं.

"मग माझं ऐका. ते कागदावरचं स्थलांतर-बिलांतर सगळं माझं बोलणं हाय. पोरानं आणि सुनंनं त्याला पावडर लावली. खोटं कशाला बोलू? शाल्मली, खोटं हाय का?"

शाल्मलीनं मान वर केली. डोळ्यांत पाणी, पण ते हसण्याचं. "नाही आई. मांजरीचं नागरिकत्व मी लिहिलं."

मॅडमच्या तोंडून फुस्कन आवाज निघाला. त्यांनी घाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"निपाणीला माझ्या शेजारी गंगव्वा बसायची विड्या वळायला," महानंदा म्हणाली. "तिची पोरगी धा वर्षांची. आमी बायकांनी तिला पार सोलून काढली हुती. शिष्ट झालीय. वाटंत दिसली तरी बोलत न्हाई, सरळ पुढं जाती. तीन दिस तेच. मग एक बाई म्हणाली, माझ्या घरात आली तर पाया पडती की. दुसरी म्हणाली, हाक मारली तर पळत येती. तिसरी म्हणाली, काल तिनं आमची कोंबडी आपली समजून गंगव्वाच्या घरात कोंडली." 

आश्लेषा खदखदून हसली. ही गोष्ट तिची पाठ होती, तरी हसली.

"आमचे हात थांबले. तिथल्या तिथं. घरात वळखती, आवाजानं वळखती, लांबनं कोंबडीसुद्धा वळखत न्हाई. अगं, पोरीला दिसत न्हाई! मास्तरला कळलं न्हाई, बापाला कळलं न्हाई. आमाला कळलं, कारण आमी तिच्याबद्दल बोलत हुतो. चष्मा लागला. आज ती बेळगावात जमिनी मोजती सरकारच्या, दुर्बिणीतनं बघून. आता सांगा, मॅडम, ते आमचं बोलणं कुठल्या रकान्यात घालू? माणसं? घटना? का विचार?"

मॅडमनी पेला खाली ठेवला. त्या आता उघड हसत होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखं नव्हे, ओसरीवर बसलेल्या बाईसारखं. "अय्यो, अक्का. माझी अज्जीपण अशीच होती. पण हे रकाने मी नाही आखले. वरून येतात. मला फक्त भरून पाठवायचं."

"वर कोण असतं?"

"वर म्हणजे... मॅनेजमेंट."

"नाव काय त्यांचं?"

मॅडमना पटकन नाव सांगता येईना. अकरा वर्षं त्या खुर्चीत होत्या त्या. त्यांनी आठवून पाहिलं, मग स्वतःशीच मान हलवली आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.

अजिंक्य उठून उभा राहिला. महानंदाला वाटलं, आता हात धरून बाहेर नेतो. पण त्यानं खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी येऊन बसला. "मॅडम, तो तिसरा रकाना भरून घ्या. सगळा. मी खरं सांगतो, तुम्ही लिहा. वेळ लागेल."

"आणि ज्याला नाव न्हाई," महानंदा म्हणाली, "त्याच्या कागदाला तुमी भिऊ नगा. पोरगी तुमच्या पुढं बसलीय. तिचं बोलणं तुमी ऐकलंय, त्यानं न्हाई. हसलाय तुमी. अक्कल हाय का न्हाई ते तुमाला दिसलंय."

प्रियदर्शनी मॅडमनी तक्ता उचलला. तिसऱ्या चौकटीतली खूण बघितली. खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईच्या बाटलीकडं बघितलं. आणि मान हलवली, अशी, की तिचा अर्थ कुणालाच लागला नाही.

"तसं नगा करू," महानंदा म्हणाली आणि आश्लेषाला मांडीवर ओढून घेतलं. "मान हलवू नगा. तोंडानं सांगा. आमच्या पोरीला घेताय का न्हाई?"