अंगणाकडची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. उघडता न येणारी, भिंतीत कायमची बसवलेली. कारखान्यात मला घडवलं तेव्हा कामगार म्हणाले होते, "काय स्वच्छ उतरलीये! मध्ये काही आहे असं वाटतच नाही." त्या शाबासकीने मी फुशारून गेले होते.

या घरातल्या आजीने जन्मभर शिवणकाम केलं. मग मणक्याने दगा दिला आणि ती खाटेला खिळली. सुनेचं आणि तिचं कधी पटलंच नव्हतं. औषध, पाणी, जेवण, एवढंच काय ते बोलणं. तरी सुनेनेच गवंडी बोलावून खाटेसमोरची भिंत फोडली आणि मला बसवून घेतलं. "दिवसभर छताकडे बघत किती पडायचं?" इतकंच ती म्हणाली.

समोर मागचं अंगण होतं. पेरूचं झाड, जास्वंद, पाण्याचं पसरट भांडं. आजी पक्ष्यांकडे कापड पारखावं तशी बघायची.

"अगं, लवकर ये! काळी टोपी, शेपटीच्या बुडाला लाल ठिगळ!"

सून ओल्या हातांनीच पक्ष्यांचं पुस्तक चाळायची. "लालबुड्या बुलबुल, आई."

"लालबुड्या? नाव ठेवणाऱ्याने लाजच सोडली की!"

दोघी हसल्या. त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसू. पुढे आजीच्या वहीत पक्ष्यांची नावं वाढत गेली. शिंजीर, तांबट, सातभाई. काळा कोट, पांढरा सदरा घातलेल्या दयाळाला आजी 'नवरदेव' म्हणायची. तो भिंतीच्या भोकात घरटं करून होता.

पण मित्रांनो, बाहेरून माझ्यात काय दिसतं, ते मला फार उशिरा कळलं. आभाळ दिसतं. पेरूचं झाड दिसतं. पक्ष्यांना तो मोकळा रस्ता वाटतो.

एका सकाळी, आजीचा डोळा लागला असताना, नवरदेव भरधाव माझ्यावर आदळला. सुनेने त्याला उचललं. मान लुळी पडली होती. तिने त्याला टाकीमागच्या मातीत पुरलं. तिथे आधीचे अकरा होते. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"नवरदेव का दिसत नाही गं?"

"असेल इथेच कुठेतरी."

"तू दोरीवर कपडे वाळत घालतेस, त्यांना बुजतो तो! तुला माझं एवढंसं सुखही बघवत नाही."

 सुनेने दोरी काढून टाकली. अबोला पुन्हा घरात येऊन बसला.

मग एका दुपारी, सून कामावर गेली असताना, आजीच्या डोळ्यांदेखत तांबट आदळला. खालच्या कट्ट्यावर तो चोच उघडून पडला होता. आजी खाटेवरून हात पुढे करत राहिली. हात पुरणार नव्हता. बऱ्याच वेळाने त्याची चोच हलायची थांबली.

सून आली तेव्हा आजीने विचारलं, "असे किती गेले?"

"हा एकविसावा."

"आणि मी तुलाच बोल लावत होते." आजी रडली. "बंद कर ही काच."

आतून पडदा लावला. उपयोग झाला नाही. बाहेरून मी तशीच आभाळ दाखवत होते. आणखी दोन गेले. शेवटी सुनेने पडदा काढला आणि मला बाहेरून चुना फासला. पक्षी वाचले. आजीच्या समोर मात्र पांढरी भिंतच उभी राहिली. माझ्यातून नीट आवाजही आत जात नाही. चार महिने ती त्या पांढऱ्याकडे बघत होती. मग गेली. वही उशाशी होती, पुढची पानं कोरी.

बाहेरच्या अंगाला दोन दोन बोटांवर उभ्या रेघा ओढल्या असत्या, तरी पक्षी वळले असते आणि आजीला अंगणही दिसलं असतं. हे सुनेला एकाने सांगितलं, तेव्हा घर विकून झालं होतं. 

मित्रांनो, तुमच्या घरी मोठी काच असेल तर तिच्यावर बाहेरून रेघा ओढा. खडूच्या चालतील, वाकड्यातिकड्या चालतील. मला स्वतःला तेवढंही करता येत नाही.

नव्या मालकांनी चुना खरवडून काढला. "केवढा उजेड!" म्हणाले. आज सकाळी त्यांनी मला लख्ख पुसलं आहे, आणि पेरूवर बुलबुलाची पिल्लं उडायला शिकत आहेत.