आयांसमोरचा तास

कोरियातल्या सामचोक गावी आमच्या शिकवणीत आधी कॅनडाचा एक मुलगा इंग्रजी शिकवायचा. तो परत गेला आणि दक्षिण आफ्रिकेहून नोमफुंडो आली. काळी, उंच, हसली की खाली जिन्यापर्यंत ऐकू यायचं. पोरांना ती लगेच आवडली. आयांना नाही.

मी तिथली कोरियन शिक्षिका. एका दुपारी आमच्या संचालिका गू मॅडमनी मला बोलावलं. "अगं प्यो, दारिमची आई परत येऊन गेली. सोबत आणखी चौघी. अमेरिकन उच्चार हवेत म्हणतात. नोमफुंडोचा करार आता वाढवायचा नाही. तू सांग तिला."

"मी का? तुम्हीच सांगा की!"

"मला कुठे इंग्रजी येतं!"

मी जाऊन सांगितलं. नोमफुंडोने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, खरं सांग. उच्चार की रंग?"

मी हातातली वही चाळू लागले. तिला उत्तर मिळालं.

"ठीक आहे. त्या बायांना शुक्रवारी वर्गात बसायला बोलव. माझा तास बघू देत. मग काय ते तोंडावर सांगू देत."

"आणि मॅडम नाही म्हणाल्या तर?"

"तर मी स्वतः दारोदार जाऊन बोलावीन. कोरियनमध्ये. मोडक्यातोडक्या."

मॅडमनी कुरकुर करत होकार दिला.

शुक्रवारी आया मागच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसल्या. नोमफुंडोने वर्गाचं तळलेल्या चिकनचं दुकान केलं होतं. तिच्या मैत्रिणी फोन करणार आणि पोरांनी इंग्रजीत ऑर्डर घ्यायची. पहिला फोन बुसानमध्ये शिकवणाऱ्या अमेरिकन मैत्रिणीचा. ऑर्डर सुरळीत घेतली गेली. आया माना डोलावू लागल्या. दुसरी मनिलाची, तिचीही ऑर्डर जमली. तिसरी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. ती काय बोलली ते मलाही कळेना. फोन दारिमच्या हातात. पोरगी लालेलाल. तिची आई खुर्चीच्या टोकावर आली. मी नोमफुंडोकडे बघितलं. ती मदतीला जागची हलली नाही.

दारिम इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, जरा सावकाश सांगाल का?" पुन्हा कळलं नाही, तर पुन्हा विचारलं. शेवटी तिने फळ्यावर लिहिलं: एक तिखट, एक साधं, सोबतचा लोणच्याचा मुळा जास्त. पलीकडून "बरोबर!" आलं तशी पोरं बाकांवर चढून ओरडली.

जिन्यात दारिमची आई मला म्हणाली, "घरी पाहुणे आले तरी ही खोलीतून बाहेर येत नाही हो. हिला विचारायला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. रोज तेच करून घेतात."

सगळ्या काही विरघळल्या नाहीत. दोघींनी महिनाअखेरीस मुलं काढलीच. त्यातली एक तर नोमफुंडोसमोरून मान वळवून गेली. पण बाकीच्यांनी मुलं ठेवली, आणि मॅडम हिशेबी बाई. त्यांनी सहा महिन्यांचा करार पुढे केला.

"वर्षाचा," नोमफुंडो म्हणाली, थेट कोरियनमध्ये. "आधीच्या सरांचा वर्षाचा होता."

"अगं, सहा तर घे! नंतर बघू."

"वर्षाचा, मॅडम. नाहीतर मी पोहांगच्या शिकवणीत अर्ज करते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी मध्ये पडणार नाही. त्यांना बोलता येतंय."

वर्षाचा करार झाला. बाहेर पडल्यावर मी नोमफुंडोचा हात धरला आणि आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत गरम शेवयांचा रस्सा खायला गेलो. तिथे ती थोडी रडली, मग तिने आणखी एक वाडगा मागवला.