बत्तीस नंबरचा हात

सकाळी जोसायाने मक्याची लापशी डाव्या हाताने खाल्ली, ते योलांडाने पाहिलं होतं.

"कोपर दुखतंय का रे?"

"झोपेत अवघडलंय, मम्मा. उगाच विषय काढू नकोस."

तिने काढला नाही. अख्ख्या जॉर्जियात असा दिवस उन्हाळ्यात एकदाच यायचा, की इतक्या कॉलेजांचे बेसबॉल कोच एका जाळीमागे येऊन बसत. ज्याचा चेंडू त्यांच्या डोळ्यांत भरला, त्याचं कॉलेज पक्कं. बाकीच्यांनी घरी जाऊन नशिबाला बोल लावावा. बाप गेल्यापासून पोराने याच दिवसाचा ध्यास घेतला होता.

"मिस योलांडा, इकडे मांडवाच्या सावलीत या," मैदानावर डेल हटोने घडीची खुर्ची उघडून दिली. त्याचा मुलगा जोसायाच्याच संघात खेळायचा. "आपल्याला कुणी निवडणार नाहीये, उन्हात कशाला भाजून घ्यायचं?"

"तुमच्या कोडीचं झालं का?"

"झालं की! झेलणाऱ्याच्या डोक्यावरून घातले सगळे. घरी मात्र माझ्या गाडीची काच बरोब्बर फोडतो." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "एक सांगतो, तोंड उघडू नका हं. आमच्या हिला मी गाडीतच बसवून आलोय. हे कोच लोक आधी पोराला बघतात, मग त्याच्या आईबापाला. ओरडणारी आई दिसली, की नाव गेलंच समजा."

"मी कशाला ओरडतेय?" योलांडा म्हणाली.

पाठीवर बत्तीस नंबर लावलेला जोसाया मातीच्या उंचवट्यावर चढला. त्याने पाय उचलला, तसे जाळीमागचे सगळे हात एकदम वर गेले, जणू प्रार्थनेलाच. प्रत्येक हातात वेग मोजायची गन होती. पहिला चेंडू सणसणत गेला. दुसरा जरा मऊ पडला. तिसऱ्याला एकेक हात खाली यायला लागला. एका कोचने तर सँडविचचा कागद सोडला.

जोसायाने ते पाहिलं. त्याने बोटं झटकली, तळवा विजारीला पुसला आणि दात आवळले. तो आवळलेला जबडा योलांडाच्या ओळखीचा होता. नवऱ्याचाही असाच व्हायचा, आणि मग तो कुणाच्या बापाला ऐकत नसे. आता पोरगं अंगातला सगळा जोर त्या कोपरात ओतणार होतं. मग कोपर राहो नाहीतर जावो.

त्यांच्या चर्चात रेव्हरंड टिडवेल प्रवचनाला उभे राहिले, की आधी नुसते बोलतात. मग बोलण्याला सूर लागतो आणि शेवटी ऑर्गन त्यांच्या मागे धावत सुटतो. पण एखाद्या रविवारी ते पहिल्याच वचनाला टिपेला जाऊ बघतात. गळा फाटेल, असं वाटतं. तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायका म्हणतात, 'सावकाश, रेव्हरंड, सावकाश.' त्यात टोमणा नसतो. आम्ही कुठे जात नाही, तुमच्यासाठीच बसलोय, एवढंच त्यांना सांगायचं असतं. जोसाया त्याच बाकावर, तिच्या मांडीवर लहानाचा मोठा झाला होता.

योलांडा उभी राहिली.

"सावकाश, बाळा!" तिने हाक दिली. हाक कसली, चर्चातला तो सूरच तिच्या पोटातून वर आला. "सावकाश, राजा, सावकाऽऽश!"

"मेलो!" डेल पुटपुटला. "अहो, बसा ना!"

कोच वळून तिच्याकडे बघायला लागले. ती बसली नाही.

जोसाया तिच्याकडे बघत राहिला. मग तो उंचवट्यावरून उतरला, त्याने पंचाच्या हातात चेंडू ठेवला आणि स्वतःच्या कोपराला बोट लावलं.

मांडवामागच्या बाकावर तो बर्फाची पिशवी घेऊन बसला होता. योलांडा शेजारी जाऊन बसली.

"संपलं सगळं," तो म्हणाला. "आता विचारणार कोण मला?"

"या वर्षी तरी कुणी नाही."

"तुला जरा लाज नाही वाटली, सगळ्यांसमोर?"

"वाटली."

"मग?"

"कधीपासून दुखतंय?"

त्याने पिशवी कोपरावर सरकवली. "इस्टरपासून," तो म्हणाला. "करंगळी तर कधीकधी कळतच नाही, आहे का नाही ते."

आणखी एक जरी चेंडू त्याने सगळा जोर लावून टाकला असता! तिने डोळे मिटले. "प्रभो," एवढंच म्हणाली.

"तुला सकाळीच कळलं होतं ना?" जोसायाने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग घरीच का नाही थांबवलंस?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"मलाही हवं होतं रे हे," ती म्हणाली. "तुझ्याइतकंच."

मांडवापलीकडे पुढच्या पोराचा चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये धप्पकन बसला. कुणीतरी वेगाचा आकडा ओरडून सांगितला. जोसायाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. जरा वेळाने त्याने तो दुखरा हात तिच्या मांडीवर टाकला, आणि पिशवी तिच्याकडे दिली.